गाव सुटल्यावर नावाला लागतं

मुंबई-ठाण्यात ऑनलाइन मागवलेली वस्तू दारात येते, तेव्हा ती बऱ्याचदा भिवंडीच्या एखाद्या गोदामातून निघालेली असते. ट्रॅकिंगमध्ये 'भिवंडी' एवढंच दिसतं. प्रत्यक्षात ते गोदाम भिवंडी शहरात नसतं, ते दापोडे, मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशा एखाद्या गावाच्या हद्दीत असतं. एकेकाळी या गावांची ओळख भातशेती आणि खाडी होती. आता तिथे पत्र्याच्या उंच शेड आहेत, कंटेनरच्या रांगा आहेत आणि दिवसरात्र खोक्यांवर चिकटवली जाणारी लेबलं आहेत. देशभरातली आडनावं रोज या गावांतून जातात. म्हणून आडनावांची गोष्ट दापोड्यापासून सुरू करायला हरकत नाही.

मराठीत गावावरून आडनाव करायची सोपी युक्ती आहे. गावाच्या नावाला 'कर' जोडायचं. तेंडोलीचे तेंडोलकर, किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर. मग दापोडे गावात दापोडेकर भरपूर असायला हवेत. तसं नाही. दापोडे आणि आसपासच्या आगरी गावांत फिरलात तर पाट्यांवर पाटील, म्हात्रे, भोईर, तरे, केणी, चौधरी ही नावं दिसतील. कारण साधं आहे. ज्या गावात सगळेच त्या गावचे, तिथे 'या गावचा' हे सांगून काहीच कळत नाही. किहीममध्ये सगळेच किहीमकर. तो माणूस अलिबागला किंवा मुंबईला गेला, की तिथल्या लोकांना त्याला ओळखायला एक खूण लागते, आणि ती खूण म्हणजे त्याचं गाव. 'कर'वालं आडनाव गावात तयार होत नाही. ते गावाबाहेर, परक्यांच्या तोंडी तयार होतं.

कुणी म्हणेल, मुंबईकर आणि पुणेकर तर त्या-त्या शहरात राहणारेच. बरोबर. पण हा शब्द कधी वापरला जातो ते बघा. पुणेकर मुंबईकरांना टोमणा मारतात तेव्हा, किंवा पावसाने मुंबई तुंबली की बातमी देताना. म्हणजे गाव बाहेरून पाहिलं जातं तेव्हाच. आपल्या गल्लीत शेजारी शेजाऱ्याला 'अहो मुंबईकर' म्हणत नाही.

गावात राहिलेल्यांना मग आडनाव कुठून मिळालं? बऱ्याचदा कामातून आणि मानातून. पाटील म्हणजे गावचा प्रमुख, कुलकर्णी म्हणजे गावचे हिशेब ठेवणारा, देशमुख आणि देशपांडे परगण्याचे. उत्तर कोकणातलं म्हात्रे हे आडनाव 'महत्तर' या जुन्या शब्दाशी जोडलं जातं. महत्तर म्हणजे गावातला मोठा, मानाचा माणूस. ही नावं गावाच्या आतली आहेत. गावात कोण कोणत्या जागी बसतो ते ती सांगतात. गाव कोणतं, ते सांगत नाहीत.

त्यातून एक अडचण होते. पाटलाचं काम करणारा एक, पण नाव सगळ्या भावकीला लागलं, आणि मग पंचक्रोशीत पाटीलच पाटील झाले. जे आडनाव सगळ्यांचंच असतं ते ओळख पटवायच्या कामाचं राहत नाही. म्हणूनच ठाणे-रायगडच्या भूमिपुत्रांचे नेते दिनकर बाळू पाटील हे सगळ्यांना 'दि. बा.' म्हणून माहीत आहेत. 'पाटील' म्हटलं तर कोण कळणार? तिथे आद्याक्षरांनीच आडनावाचं काम केलं. गावागावांत बापाचं नाव, आजाचं नाव, घराचं टोपणनाव हेच काम करत आलं आहे.

वंशपरंपरेने चालणारं, कागदावर पक्कं झालेलं आडनाव ही तशी अलीकडची गोष्ट. भिवंडी तालुक्यातच, लोनाडजवळ चौधरपाडा इथे शिलाहार राजा केशिदेवाचा शिलालेख आहे, शके ११६१ चा, म्हणजे इ. स. १२३९-४० चा. त्यात राजा आहे, त्याचे अधिकारी आहेत, दान दिलेलं गाव आहे. पण आज आपण फॉर्ममध्ये भरतो तसं 'आडनाव' त्यात शोधायला गेलात तर निराश व्हाल. त्या काळी माणसाची ओळख त्याचं नाव, बाप, पद, फार तर गोत्र एवढ्यावर भागत होती.

दापोड्यापासून काही किलोमीटरवर अंजूर आहे. भिवंडीचा अंजूरफाटा ज्या गावावरून ओळखला जातो तेच. तिथलं नाईक घराणं इतिहासात नावाजलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसई-साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांकडे होता. त्यांच्या जाचाला कंटाळून या घराण्यातले गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे वळले. मुलखाची माहिती, माणसं, वाटा हे सगळं त्यांनी पुरवलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. या मोहिमेच्या इतिहासात गंगाजींचा उल्लेख कसा येतो? 'गंगाजी नाईक अंजूरकर'. अंजूर गावात ते नाईक होते, कारण तिथे त्यांचा मान महत्त्वाचा होता. कल्याणला, पुण्याला, मोहिमेच्या कागदांत ते अंजूरकर झाले, कारण तिथे 'कुठले नाईक?' हा पहिला प्रश्न होता. एकाच माणसाच्या नावात घर आणि वाट, दोन्ही आलं.

'कर' नेहमी गाव सोडल्याचीच खूण असते असं मात्र नाही. कधी ती हक्काचीही असते. फलटणचे निंबाळकर हे मुळात पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. गाव आपलं आहे, वतन आपलं आहे, हे सांगणारं ते नाव. इंग्लंडमध्येही असे दोन प्रकार होते. सरदार ज्या जमिनीचा मालक त्या जमिनीचं नाव घेई. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पूर्वजांनी उत्तर इंग्लंडमधल्या वॉशिंग्टन या आपल्या गावाचं नाव असंच घेतलं होतं. साधा माणूस मात्र जे गाव सोडून आला त्याच्या नावाने ओळखला जाई. मालकाने नाव घेतलं, स्थलांतरिताला ते मिळालं. दोन्हीकडे शेवटी दिसतं ते गावाचंच नाव.

आधुनिक काळात हे नाव पक्कं झालं ते शाळेच्या पटावर, पलटणीच्या यादीत आणि कचेरीच्या दप्तरात. रामजी सकपाळ यांचं मूळ गाव आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातलं. ते सैन्यात होते, कुटुंब महू, दापोली, सातारा असं फिरत राहिलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांच्या मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्रात हा दिवस आता 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. सकपाळ हे कुळाचं नाव मागे पडलं आणि पुढे जगभर गाजलं ते गावाच्या नावावरून आलेलं आडनाव. दीनानाथांचंही तसंच. गोव्यातलं मंगेशी गाव सोडून ते नाटकाच्या दुनियेत आले आणि मंगेशकर झाले. दोन पिढ्यांपूर्वी त्या घराला हे आडनाव नव्हतं. आज ते सगळ्या देशाला पाठ आहे.

गावाचं नाव घेण्यात आणखी एक सोय होती. पाटील-कुलकर्णी म्हटलं की गावातली जागा कळते, कित्येक आडनावांवरून तर लगेच जात ओळखली जाते. 'कर' त्या मानाने मुका आहे. एकाच गावातून ब्राह्मण निघाला, दलित निघाला, कोळी निघाला, ज्यू निघाला, तरी सगळ्यांना तेच आडनाव लागू शकतं. इथे आपली गोष्ट इंग्रजांच्या गोष्टीपासून वेगळी होते. २००० साली ब्रायन सायक्स या शास्त्रज्ञाने 'सायक्स' याच आडनावाच्या ४८ ब्रिटिश पुरुषांचे वाय क्रोमोसोम तपासले. जवळपास निम्म्यांत एकच खूण सापडली, म्हणजे फार मागे त्यांचा पुरुष पूर्वज एकच असावा. दुर्मिळ इंग्रजी आडनाव असलेली दोन माणसं भेटली तर ती लांबची भाऊबंद असण्याची शक्यता चांगलीच असते. आपल्याकडे दोन दांडेकर भेटले तर एक चित्पावन असेल आणि दुसरा ज्यू. नातं रक्ताचं नसून चावडीचं, पाणवठ्याचं.

ज्यू म्हटल्यावर काही वाचक थबकले असतील. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे ही माणसं कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगाव पसरली. तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. भाषा मराठी, नेसणं मराठी, नावंसुद्धा मराठी वळणाची. शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ती मुंबईला आली. कुणी पलटणीत, कुणी कारकुनीत, कुणी सुतारकामात. आणि मुंबईने त्यांना आडनावं दिली: नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, झिराडकर, वाक्रुळकर, अष्टमकर, तळकर, घोसाळकर, दिवेकर, राजपुरकर, पेणकर, रोहेकर. ही यादी नकाशावर मांडा. आजच्या रायगड जिल्ह्यातली खाडी, बंदर, डोंगराची सोंड एकेक करून उमटत जाईल. एखाद्या समाजाच्या आडनावांवरून त्याच्या वस्तीचा नकाशा इतका नीट काढता यावा, असं जगात फार कमी ठिकाणी होतं.

या आडनावांनी मोठी कामं केली. इंग्रजांच्या पलटणीतले समाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद बंदर स्टेशनच्या नावातली 'मशीद' हीच, असं सांगतात. जोसेफ यहेज्केल राजपुरकर यांनी हिब्रू ग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. किहीमचं नाव असलेला लेखक आणि तेल अवीवचा छापखाना, पुढे काय होणार याची ती चाहूलच होती. आणि 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा आठवतो? ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलच्या बंदराचं नाव पडद्यामागे ठेवून ते हिंदी सिनेमात फक्त 'डेव्हिड' राहिले.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएलांची संख्या साधारण २०,००० मानली जाते. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे आपण पूर्ण ज्यू आहोत की नाही याच प्रश्नावर त्यांना झगडावं लागलं. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं आणि त्यानंतर इस्राएली संसदेने त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्य केलं. इकडे २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास उरले होते. त्यातही बेने इस्राएलांशिवाय इतर ज्यू आले. गावागावांत पसरलेल्या समाजाची बहुतेक गावं रिकामी झाली.

आडनावं मात्र गेली तिथे गेली. इस्राएलमध्ये नवीन हिब्रू आडनाव घेण्याची मोठी लाट होती. पहिले पंतप्रधान बेन-गुरियन स्वतः जन्माने ग्रून. काही मराठी ज्यूंनीही नावं बदलली, पण अनेकांनी 'कर' सोडला नाही. हिब्रूत 'ळ' नाही, त्यामुळे घोसाळकर किंवा तळकर हे नाव तिथे जन्मलेल्या नातवाच्या तोंडी मऊ होऊन जातं. रोमन लिपीत तर एकाच चौलचे चेऊलकर, चौलकर असे वेगवेगळे हिज्जे होतात आणि एक घर संगणकाच्या यादीत दोन आडनावांत विभागलं जातं. दुर्मिळ आडनावांच्या मोजणीतली ही पहिली भानगड. कधी आडनाव दुर्मिळ असतं, कधी नुसतं स्पेलिंग.

दुसरी भानगड गणिताची आहे. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी जाहीर प्रश्न विचारला: आडनाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल, तर किती आडनावं पिढ्यांनंतर नाहीशी होतील? हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने उत्तराची रीत दिली. ती आजही आडनावांपासून साथीच्या रोगांपर्यंत वापरली जाते. आपण ती सोपी करून बघू. समजा एक आडनाव एकाच पुरुषाकडे उरलंय आणि प्रत्येक पिढीत प्रत्येकाला दोनच मुलं होतात, मुलगा किंवा मुलगी, शक्यता सारखी. त्याला दोन्ही मुलीच होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे पहिल्याच पिढीत आडनाव संपण्याची शक्यता २५ टक्के. दुसऱ्या पिढीअखेर ती ३९ टक्के होते, तिसऱ्या पिढीअखेर ४८. पणतूपर्यंत पोचताना जवळपास नाणेफेकच. आणि ही दोन मुलांची गोष्ट झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १.७. म्हणजे मुलगे एकापेक्षाही कमी. अशा हिशेबात लहान आडनावं एकेक करून विझणारच. पाटलांना काही होणार नाही. लाखांत आहेत ते. पाच घरांच्या वाक्रुळकरांना मात्र एक पिढी मुलींची पुरते.

हे गणित नैसर्गिक वाटतं, पण त्याच्या मुळाशी माणसाने केलेला नियम आहे: आडनाव मुलीकडून पुढे जात नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्राने आईचं नाव सक्तीचं केलं आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईला ओळीत जागा मिळाली, पण शेवटचा रकाना बहुतेक घरांत अजून बापाचाच आहे. तो ज्या दिवशी मोकळा होईल, त्या दिवशी गाल्टन यांचं गणित नव्याने मांडावं लागेल.

आता पुन्हा भिवंडीकडे येऊ, कारण गाव सोडून येणाऱ्यांचं हे शहर आहे. इथल्या यंत्रमागांवर तेलुगू पद्मशाली आले. त्यांच्याकडे आडनावाला 'इंटि पेरु' म्हणतात, म्हणजे घराचं नाव, आणि ते माणसाच्या नावाच्या आधी येतं. त्यातली कित्येक 'पल्ली'ने संपतात. पल्ली म्हणजे गाव. म्हणजे आधी गाव, मग माणूस. उत्तर प्रदेशातून विणकर मुसलमान आले. त्यांच्यात अन्सारी हे आडनाव फार. मक्का सोडून मदिनेत आलेल्यांना ज्यांनी आसरा दिला ते 'अन्सार', मदत करणारे. आसरा देणाऱ्यांचं नाव लावून आसरा शोधत आलेली माणसं या गावात मागावर बसली. आडनावांत असे योग येतात.

त्यांच्यानंतर आले गोदामांतले हमाल, पॅकर, ड्रायव्हर, स्कॅनर हातात घेतलेली विशीतली मुलं. ती बिहार, ओडिशा, विदर्भ, मराठवाड्यातून येतात. यांच्या गावाचं काय होतं? काहीच नाही. आडनाव आता जन्मदाखल्यात आणि आधार कार्डात गोठलेलं असतं. बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. गाव नावातून निघून 'कायमचा पत्ता' या रकान्यात गेलं आहे, आणि खोली बदलली की तोही बदलतो. 'कर' घडवणारी भट्टी विझली. पूर्वी नव्या जागेचे लोक विचारत, 'कुठला तू?', आणि उत्तरच नाव होऊन बसे. आता यंत्र ओळखपत्र वाचतं. त्याला विचारायची गरज नाही.

याचा फटका सगळ्यात जास्त कुणाला बसतो? गाव सोडून गेलेल्यांना नाही. त्यांची गावं त्यांच्या नावात सुखरूप आहेत. अश्दोदमधला एखादा किहीमकर मराठी विसरला तरी किहीम घेऊनच फिरतो. फटका बसतो तो जागेवर राहिलेल्यांना. दापोड्यातला पाटील गावातच राहिला म्हणून त्याच्या नावात दापोडे कधी आलं नाही. त्याला वाटलं असेल, गरज काय, गाव तर पायाखाली आहे. मग मुंबईच्या जकातीबाहेर जागा हवी म्हणून गोदामं आली, जीएसटीनंतर आणखी मोठी आली, आणि माणूस जागचा हलला नाही तरी पायाखालचं गाव बदललं. बांध गेले, शेतांची नावं गेली, राहिले गाळ्यांचे नंबर आणि कंपाउंडांची नावं. गाव सोडून गेलेल्यांना आडनाव मिळालं. ज्यांना गावच सोडून गेलं, त्यांच्यासाठी मराठीत प्रत्यय नाही.

एक जुनी सवय मात्र अजून शाबूत आहे. मराठी माणसाला तुमचं आडनाव सांगा, तो क्षणभर थांबतो आणि विचारतो, "तुमचं गाव कोणतं?" कधी त्यामागे जात काढण्याचा डाव असतो, तो ओळखून असावं. पण कधी तो खरोखरच गावाचा प्रश्न असतो. त्याला उत्तर देताना नुसतं 'भिवंडी' म्हणू नका. दापोडे म्हणा, वळ म्हणा, अंजूर म्हणा. नावाला न लागलेलं गाव आता तोंडी सांगितलं तरच टिकणार आहे.